मुंबई ते लंडन : अंतर एक, वेळा अनेक

नागपूरपासून ठाणे जिल्ह्यातील आमणेपर्यंत जाणाऱ्या समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर आहे. जून २०२५ मध्ये हा मार्ग संपूर्णपणे वाहतुकीस खुला झाला आणि मोटारीने हे अंतर सुमारे आठ तासांत कापणे शक्य झाले. मुंबई आणि लंडन या दोन शहरांतील हवाई अंतर याच्या दहापटींहून अधिक, म्हणजे सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. तरीही मुंबईहून निघालेले विमान वाटेत कोठेही न थांबता साडेनऊ ते साडेदहा तासांत लंडनला उतरते. परतीचा प्रवास त्याहून कमी, नऊ तासांच्या आसपास होतो.

अंतर दोन्ही बाजूंनी सारखेच असताना जाण्यास अधिक आणि येण्यास कमी वेळ का लागावा? तिकिटावरील वेळांची वजाबाकी केली, तर जाण्याचा प्रवास पाच तासांचा आणि येण्याचा चौदा तासांचा का दिसावा? पूर्वी सरळ जाणारे विमान एखाद्या वर्षी अचानक वळसा घालून का जाऊ लागते? उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांत आता तालुक्याच्या आणि खेड्यांच्या ठिकाणचे विद्यार्थीही आहेत. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती योजना आहे. त्यामुळे हे प्रश्न केवळ भूगोलाच्या तासाचे राहिलेले नाहीत. ते अनेक कुटुंबांच्या घरातील प्रश्न झाले आहेत.

सहा महिन्यांपासून दहा तासांपर्यंत

शिडाच्या जहाजांच्या काळात मुंबईहून इंग्लंडला जाण्यासाठी आफ्रिका खंडाला वळसा घालावा लागे. केप ऑफ गुड होपवरून जाणारा हा सागरी मार्ग सुमारे १९,८०० किलोमीटरचा होता आणि वारा अनुकूल नसल्यास प्रवासास पाच-सहा महिनेही लागत. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा खुला झाला आणि हेच अंतर सुमारे ११,६०० किलोमीटरवर आले. वाफेच्या जहाजांची जोड मिळाल्यावर प्रवास आठवड्यांत मोजला जाऊ लागला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२० साली आपले अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी मुंबईहून पुन्हा लंडनला गेले, ते याच सागरी मार्गाने. त्यापूर्वी १९१७ मध्ये ते स्वदेशी परतले तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते. त्यांचा ग्रंथसंग्रह ज्या वेगळ्या जहाजाने रवाना झाला होता ते जहाज शत्रूच्या पाणसुरुंगी माऱ्यात बुडाले. दूरच्या प्रवासात वेळेइतकाच धोकाही मोजावा लागे, याचे हे उदाहरण आहे. लंडनमधील १०, किंग हेन्रीज रोड येथील ज्या घरात त्यांनी १९२१-२२ च्या सुमारास वास्तव्य केले, ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले आणि तेथे त्यांचे स्मारक उभे राहिले.

हवाई वाहतुकीचा आरंभ टपालापासून झाला. मार्च १९२९ मध्ये लंडन ते कराची ही नियमित हवाई सेवा सुरू झाली. तिला सुमारे सात दिवस लागत आणि युरोपातील काही टप्पा आगगाडीने पार करावा लागे. कराचीहून पुढे टपाल आणण्याचे काम जे. आर. डी. टाटा यांनी हाती घेतले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते स्वतः एक छोटे विमान चालवीत कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर उतरले. भारतीय नागरी विमान वाहतुकीचा पाया त्या दिवशी घातला गेला.

स्वातंत्र्यानंतर वर्षभराच्या आतच, ८ जून १९४८ रोजी, एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनकडे निघाले. चार पंखे असलेल्या या विमानाने कैरो आणि जिनिव्हा येथे थांबे घेतले. १९६० साली बोइंग ७०७ ही जेट विमाने या मार्गावर आली आणि १९७१ मध्ये त्यांच्या जोडीला प्रचंड आकाराचे बोइंग ७४७ आले.

या इतिहासात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. १९६० चे जेट विमान ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने उडत असे आणि आजचे प्रवासी विमानही जवळजवळ त्याच वेगाने उडते. गेल्या साठ-पासष्ट वर्षांत या मार्गावर जो वेळ वाचला, तो मुख्यतः वाटेतील थांबे कमी झाल्यामुळे वाचला आहे. विमानाच्या वेगात फारशी भर पडलेली नाही.

नकाशावरील सरळ रेषा सरळ नसते

दोन शहरांतील हवाई अंतर मोजावयाचे झाल्यास आपण सहज भिंतीवरील जगाच्या नकाशावर पट्टी ठेवतो. मुंबई आणि लंडन यांना जोडणारी अशी रेषा नेहमीच्या नकाशावर अरबी समुद्र, इराणचे आखात व इराक यांवरून जाते आणि तिचा मध्य तुर्कस्तान व सीरिया यांच्या सीमेजवळ येतो. पण पृथ्वी गोल आहे आणि नकाशा सपाट आहे. गोल पृष्ठभाग सपाट कागदावर उतरविताना आकार, अंतर किंवा दिशा यांपैकी काहीतरी बिघडतेच. त्यामुळे नकाशावर सरळ दिसणारी ही वाट प्रत्यक्षात सर्वांत जवळची नसते. ती सुमारे ७,४०० किलोमीटरची भरते.

खरी जवळची वाट शोधण्यासाठी पृथ्वीगोल हाती घ्यावा. मुंबई व लंडन या दोन बिंदूंवर एक दोरा ताणून धरला, तर तो आपोआप सर्वांत कमी लांबीच्या मार्गावर स्थिरावतो. या मार्गाला बृहद्‌वृत्ताचा मार्ग म्हणतात. पृथ्वीचे दोन समान भाग करणारे जे वर्तुळ या दोन्ही शहरांतून जाते, त्याचाच तो एक भाग असतो. हा दोरा सौराष्ट्रावरून कराचीच्या बाजूस जातो. पुढे बलुचिस्तान व इराण ओलांडून तो कॅस्पियन समुद्राच्या दक्षिणेकडील भागातून कॉकेशसच्या डोंगराळ प्रदेशात शिरतो. त्याचा मध्यबिंदू आर्मेनिया व जॉर्जिया यांच्या सीमेजवळ येतो. तेथून काळा समुद्र, क्रिमिया, युक्रेन आणि मध्य युरोप यांवरून तो लंडनला पोहोचतो. नकाशावर हीच वाट उत्तरेकडे फुगलेल्या कमानीसारखी दिसते, परंतु ती सुमारे दोनशे किलोमीटरने कमी आहे.

शाळेत हा प्रयोग सहज करून दाखविता येईल. ३० सेंटिमीटर व्यासाच्या पृथ्वीगोलावर मुंबई-लंडन दोऱ्याची लांबी जवळजवळ १७ सेंटिमीटर भरते. अशा गोलाचा परीघ सुमारे ९४ सेंटिमीटर असतो आणि पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. म्हणजे गोलावरील एक सेंटिमीटर हा पृथ्वीवरील सुमारे ४२५ किलोमीटरांबरोबर झाला. सतराला या आकड्याने गुणले की ७,२०० किलोमीटरच्या अगदी जवळचे उत्तर मिळते. एक दोरा, एक मोजपट्टी आणि त्रैराशिकाचे साधे गणित एवढ्या साधनांनी विद्यार्थ्यांना दोन खंडांतील अंतर काढता येते.

वाऱ्याचा वाटा

ताशी ९०० किलोमीटर वेगाने ७,२०० किलोमीटर जाण्यास आठ तास पुरावेत. पण हा वेग सभोवतालच्या हवेच्या संदर्भातील असतो आणि ती हवाच वाहत असेल, तर जमिनीवरून मोजलेला वेग बदलतो. प्रवाहाविरुद्ध आणि प्रवाहाबरोबर नाव वल्हविणाऱ्या नावाड्याला जो अनुभव येतो, तोच येथे वैमानिकाला येतो.

दूर पल्ल्याची विमाने साधारणपणे दहा ते बारा किलोमीटर उंचीवरून उडतात. याच उंचीच्या आसपास मध्य अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिशय वेगवान वारे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. उष्ण कटिबंधाकडील व ध्रुवाकडील हवेच्या तापमानातील फरक आणि पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे यांमुळे हे प्रवाह निर्माण होतात. हिवाळ्यात तापमानातील फरक वाढतो, तसा त्यांचा जोरही वाढतो. त्यांचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर आणि काही वेळा त्याहूनही अधिक असतो. लंडनला जाणाऱ्या विमानाला हा वारा समोरून लागतो आणि मुंबईकडे येणाऱ्या विमानाला तो मागून रेटतो.

समजा, संपूर्ण वाटेवर वाऱ्याचा वेग सरासरी ताशी १०० किलोमीटर आहे. मग जाताना विमानाचा जमिनीवरील वेग ८०० राहील आणि प्रवासास नऊ तास लागतील. येताना तो १,००० होईल आणि प्रवास ७ तास १२ मिनिटांत आटोपेल. वारा नसता, तर जाऊन येण्यास एकंदर सोळा तास लागले असते. वाऱ्यामुळे ते १६ तास १२ मिनिटे झाले. म्हणजे वाऱ्याने येताना जितका वेळ वाचविला, त्याहून अधिक वेळ जाताना घेतला. प्रतिकूल वेगात विमान अधिक काळ राहते, हे त्याचे कारण आहे. विद्यार्थ्यांना सरासरी वेगाचे गणित समजावून देण्यास हे उदाहरण उपयोगी पडेल.

या हिशेबात धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, उतरण्यासाठी रांगेत थांबणे हा वेळ मिळविला पाहिजे. गर्दीच्या विमानतळावर विमानाला आकाशात घिरट्या घालीत थांबावे लागते. वेळापत्रकात हा सर्व काळ धरलेला असतो.

आकाशातील सीमा

वाऱ्याइतकाच, किंबहुना अलीकडे वाऱ्याहून अधिक परिणाम राजकीय सीमांचा होतो. १९४४ च्या शिकागो करारानुसार प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण सार्वभौमत्व मानले जाते. दुसऱ्या देशाच्या हवाई हद्दीतून जाण्यासाठी त्या देशाची अनुमती लागते आणि तेथील मार्गदर्शन सेवेचे शुल्कही द्यावे लागते. अनुमती नाकारली गेली, तर पृथ्वीगोलावरील दोऱ्याची सरळ वाट उपयोगाची राहत नाही.

मुंबई-लंडन मार्गाची स्थिती याची साक्ष देते. जवळच्या वाटेवरील क्रिमियाचे आकाश २०१४ पासून प्रवासी विमानांनी टाळले आहे. युक्रेनची संपूर्ण हवाई हद्द २४ फेब्रुवारी २०२२ रोजी नागरी विमानांना बंद झाली. बालाकोटच्या कारवाईनंतर पाकिस्तानने २७ फेब्रुवारी २०१९ पासून आपली हद्द बंद केली. भारतीय विमानांना ती १६ जुलै २०१९ रोजी पुन्हा खुली झाली. त्या काळात एकट्या एअर इंडियाला सुमारे ४९१ कोटी रुपयांचा भार सोसावा लागल्याचे जुलै २०१९ मध्ये राज्यसभेत सांगण्यात आले. पहलगाम येथील हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी ही हद्द पुन्हा बंद केली आणि ३० एप्रिल रोजी भारतानेही तसेच पाऊल उचलले. जून २०२५ मध्ये इराण व इस्राएल यांच्यातील संघर्षामुळे इराण आणि इराक यांचे आकाशही काही दिवस बंद होते. युरोपकडे निघालेल्या काही विमानांना त्या वेळी अर्ध्या वाटेतून परतावे लागले.

अशा वेळी विमानांना अरबी समुद्रावरून पश्चिमेकडे जाऊन मग उत्तरेकडे वळावे लागते. वळशामुळे केवळ वेळ वाढत नाही. दूर पल्ल्याचे मोठे विमान तासाला साधारणपणे पाच ते सात टन इंधन जाळते. ज्यादा इंधन भरल्याने विमानाचे वजन वाढते आणि ते वजन वाहून नेण्यासाठी आणखी इंधन खर्ची पडते. त्याचा भार अखेर भाड्यावर येतो. समुद्रावरही असेच घडते. डिसेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक मालवाहू जहाजांनी सुएझचा मार्ग सोडून पुन्हा केपचा जुना वळसा धरला. दीडशे वर्षांपूर्वी कमी झालेले अंतर अशांततेमुळे एका रात्रीत पूर्ववत होऊ शकते.

घड्याळाची दोन तोंडे

पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशास चार मिनिटे लागतात. मुंबई आणि लंडन यांच्या रेखांशांत सुमारे ७३ अंशांचे अंतर आहे. म्हणून मुंबईत सूर्य माथ्यावर आल्यानंतर सुमारे चार तास बावन्न मिनिटांनी तो लंडनच्या माथ्यावर येतो. मुंबईची जुनी स्थानिक वेळ ग्रिनिचच्या वेळेपुढे चार तास एकावन्न मिनिटे होती, ती याच हिशेबाने. ही वेळ मुंबई शहरात १९५५ पर्यंत वापरात होती. भारतीय प्रमाणवेळ मात्र ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्तावरून ठरते आणि ती ग्रिनिचच्या वेळेपुढे साडेपाच तास आहे. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत घड्याळे एक तास पुढे ठेवतात. त्या काळात दोन्ही देशांतील फरक साडेचार तासांचा राहतो.

विमानाच्या तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या शहराची आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या शहराची असते. जानेवारीत दुपारी दोन वाजता मुंबईहून निघालेले विमान दहा तासांनी उतरले, तर लंडनच्या घड्याळात संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतील. नुसती वजाबाकी साडेचार तासच दाखवील. तेथून सकाळी दहा वाजता निघालेले विमान नऊ तासांनी मुंबईस उतरेल, तेव्हा येथे रात्रीचे साडेबारा झाले असतील आणि तारीखही बदललेली असेल. येथे वजाबाकी साडेचौदा तास दाखविते. प्रवासाचा खरा काळ काढण्यासाठी दोन्ही वेळा आधी एकाच प्रमाणवेळेत आणल्या पाहिजेत.

तारखेचा घोटाळा याहून महागात पडतो. भारतातून परदेशी जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर निघतात. तिकिटावर १२ तारखेची वेळ रात्री १२ वाजून ४० मिनिटे अशी असेल, तर प्रवाशाने ११ तारखेच्या संध्याकाळीच विमानतळाकडे निघाले पाहिजे. १२ तारखेच्या रात्री तेथे पोहोचणाऱ्याचे विमान जवळजवळ एक दिवस आधीच गेलेले असते. कष्टाने जमविलेले भाडे आणि प्रवेशाची मुदत अशा दोन्ही गोष्टी या एका चुकीने हातच्या जाऊ शकतात. गावातील विद्यार्थी प्रथमच परदेशी निघत असेल, तेव्हा शिक्षकांनी वा ग्रामपंचायत सदस्यांनी त्याच्या तिकिटावरील तारीख व वेळ त्याच्या पालकांसमवेत एकदा वाचून पाहणे हे लहानसे, पण मोलाचे साहाय्य ठरेल.

गाव ते विमानतळ

विमानातील दहा तास म्हणजे संपूर्ण प्रवास नव्हे. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी निदान तीन तास आधी विमानतळावर उपस्थित राहणे इष्ट असते. सामान देणे, पारपत्राची तपासणी आणि सुरक्षा तपासणी यांत हा वेळ जातो. लंडनला उतरल्यावरही पारपत्र तपासणीची रांग असते. गडचिरोली, नंदुरबार अथवा सिंधुदुर्ग जिल्ह्यातील प्रवाशाने घरापासून मुंबईपर्यंतचा काळ त्यात मिळविला, तर एकंदर प्रवास दीड दिवसाच्या घरात जातो. म्हणजे कित्येकदा आकाशातील सात हजार किलोमीटरांहून जमिनीवरील काहीशे किलोमीटरच अधिक वेळ घेतात.

प्रवासाचा शरीरावरही परिणाम होतो. झोप, भूक आणि शरीराचे तापमान यांची लय दिवसाच्या उजेडाशी जुळलेली असते आणि साडेचार-पाच तासांचा फरक ती एकाएकी स्वीकारीत नाही. साधारणपणे एका तासाच्या फरकास एक दिवस असा अंदाज धरतात. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो आणि तो बदल शरीराला पेलणे सोपे जाते. पूर्वेकडे येताना रात्र आखूड होते आणि तो बदल अधिक जाणवतो. म्हणून परीक्षा, मुलाखत अथवा प्रवेशाचे काम पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी ठेवू नये. विमानात पुरेसे पाणी प्यावे आणि अधूनमधून उठून चार पावले चालावे. एकाच जागी फार वेळ बसल्याने पायातील रक्ताभिसरण मंदावते.

या सर्व विवेचनाचे तात्पर्य असे की, अंतर पृथ्वीने ठरविले आहे आणि ते बदलणार नाही. वेळ मात्र वारा, सीमा, घड्याळ आणि रस्ता हे चौघे मिळून ठरवितात. वारा मनुष्याच्या हातात नाही आणि सीमांवरील शांतता एकट्यादुकट्या प्रवाशाच्या हातात नाही. घड्याळ वाचणे मात्र प्रत्येकास शिकता व शिकविता येते. रस्त्याचा वेळ कमी करणे हे नियोजनाचे काम आहे. समृद्धी महामार्ग पूर्ण झाला आहे आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आहे. विमानाचा वेग साठ वर्षांत फारसा वाढला नाही. लंडनला जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्याचा आणखी काही वेळ वाचावयाचा असेल, तर तो मुख्यतः त्याच्या गावापासून विमानतळापर्यंतच्या वाटेवरच वाचणार आहे.